पाय धुण्याआधी

आमच्या आईचं आणि जैनबखालाचं एकाच गोष्टीवरून वाजायचं, ते म्हणजे माझे पाय. बाहेरून आलं की आधी न्हाणीत जायचं, हा आईचा कायदा. जलशाहून आलं की पाय न धुता झोपायचं आणि सकाळी तसंच तिच्या दारात हकीकत सांगायला यायचं, हा खालाचा. दोन घरांमध्ये एक भिंत, आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंनी माझ्या पायांचा न्याय. मी बियाणं कंपनीत उगवण तपासणारी, घरात पगार आणणारी, तिशीला टेकलेली बाई. तरी धुळीनं भरलेले पाय चादरीबाहेर काढून झोपताना आईच्या शिव्या मुकाट्यानं खायचे.

"पायावर धूळ हाय तंवर माणूस पाहिलं तेच सांगतं," खाला म्हणायची. "धुतले की मनाचं घालाया लागतं."

जलसा म्हणजे 'भट्टी'चा जलसा. भट्टी हा आमच्या जालन्याचा रॉक बँड. एमआयडीसीतल्या कामगारांचीच पोरं, गिटार, ड्रम आणि मराठीत दखनी मिसळलेली गाणी. त्यांना हॉल परवडत नाही आणि हॉलवाल्यांना ते परवडत नाहीत, म्हणून ते उघड्यावर वाजवतात. कधी एमआयडीसीतल्या मोकळ्या मैदानावर, कधी केदारखेड्याला सोयाबीन काढलेल्या वावरात, कधी तीर्थपुरीच्या बाजारतळावर. आम्ही त्यांच्यामागं फिरणारे येडे. आम्ही म्हणजे मी, रोलिंग मिलमध्ये काम करणारा केदारखेड्याचा बाळू, आणि त्या त्या वेळी टेम्पोत मावतील तितके.

खालानं 'रॉक' हा शब्द कधी तोंडातून काढला नाही. तिच्या लेखी तो जलसा, आणि जाड्या तारांची गिटार वाजवणारा पोरगा तो 'पिंजणवाला'. कारण खाला पिंजारी होती, गाद्या-रजया भरायची. कापूस पिंजायला आता मशीन आलं होतं, पण नवऱ्याच्या हातचं जुनं पिंजण, ते भलंमोठं धनुष्यासारखं, तिच्या भिंतीवर टांगलेलं असायचं. त्याच्या तातीवर बोट मारलं की घुंम असा आवाज छातीत उतरायचा. "तुमचा पिंजणवाला हेच करतो ना? मंग त्याला कापूस द्या थोडा, काम तरी हुईल," असं म्हणून ती स्वतःच हसायची.

अंगानं किडमिडी. भुवयांवर, पापण्यांवर कायम कापसाचे तंतू, त्यामुळं रोज म्हातारी दिसायची आणि ईदेच्या दिवशी न्हाऊन आली की एकदम तरणी. मशीनच्या आवाजानं कान जातात म्हणून दोन्ही कानांत कापसाचे बोळे. गिऱ्हाइकाशी बोलताना ते काढायची नाही. "गिऱ्हाईक दुसरं काय बोलणार, कमी करा म्हणणार. त्याला कान कशाला?" आमचं ऐकायचं असलं की मात्र दोन्ही बोळे काढून गुडघ्यावर ठेवायची. ते गुडघ्यावर आले की आम्ही समजायचो, आता सुरू करायचं. आम्ही जलशाला निघालो की आम्हालाही बोळे वळून द्यायची. "कान हायेत, मिलचे भोंगे न्हाईत," म्हणायची. आम्ही ते खिशात घालायचो.

जुन्या गाद्यांवर हात फिरवून ती काहीबाही सांगायची, तेव्हा मात्र मला तिच्याजवळ बसवत नसे. एकदा बाजारातली एक ठसकेबाज बाई गादी उसवायला घेऊन आली. खालानं खोळीत हात घातला, भिंतीकडच्या कडेला थांबली.

"इकडं कोण झोपतं?"

"सून. का हो?"

"तिला म्हैनाभर माहेरी धाडा. इथला कापूस खारट झालाय."

बाईनं घर डोक्यावर घेतलं, गादी तशीच रिक्षात टाकून नेली. पण सून माहेरी गेली, हे आम्ही सगळ्या गल्लीनं पाहिलं. खालाला मी विचारलं, तुला कसं कळलं गं? तर म्हणाली, "चाखून पाह्यलं." ती मस्करी करत होती की काय, हे मला आजही सांगता येणार नाही.

एक गादी मात्र ती कधी उसवत नसे. ती शकीलची.

शकील तिचा एकुलता एक. बाळूच्याच मिलमध्ये होता, बाळूचा जिगरी. भट्टीचं वेड आम्हाला त्यानंच लावलं. एमआयडीसीतल्या मैदानावर जलसा होता, त्या संध्याकाळी तो आमच्या पुढंच उभा होता. शेवटच्या गाण्याला लाइट गेली, लोकांनी मोबाइल वर केले, पोरं बिनमाइकची गात राहिली आणि सगळं मैदान गात राहिलं. इतकं सुंदर मी पुन्हा ऐकलं नाही. लाइट आली तेव्हा शकील पुढं नव्हता. आम्हाला वाटलं, गेला असेल गाडी काढायला. सकाळी त्याची मोटारसायकल एकटी मैदानात उभी होती, हँडलला हेल्मेट तसंच अडकवलेलं. पोलीस झाले, दवाखाने झाले, औरंगाबाद-पुणे झालं. शकील कुठंही नव्हता.

खाला रडली नाही असं मी म्हणणार नाही. भिंत एकच होती, मला ऐकू यायचं. पण दिवसा ती गाद्या भरायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच सांगायची, येईल. तिचे दीर हनीफचाचा मागच्या घरात राहायचे. भला माणूस. ते महिन्या-दोन महिन्यांनी उंबऱ्यावर बसून हळूच विषय काढायचे की भाभी, आता फातेहा देऊन टाकू, पोराच्या रूहला सुकून मिळेल.

"जित्याची फातेहा दिऊन त्याला मारू का मी?" खाला म्हणायची. "तो कुठं हाये ते कळू द्या. मंग जे म्हणाल ते."

सगळं त्यावर अडलं होतं. पोरगा आहे की नाही, हे तिला कोणी सांगत नव्हतं. म्हणून तिनं ते आम्हाला विचारायला सुरुवात केली.

पूर्वी ती जलशाची हकीकत मजा म्हणून ऐकायची. शकील सांगायचा, आम्ही भर घालायचो. बाळूला गाण्यातला एक शब्द आठवायचा नाही, पण सगळा ड्रम तो तोंडानं वाजवून दाखवायचा, थुंकी उडवत. मी शब्द सांगायची. कोणी सांगायचं की गाणाऱ्याच्या शर्टाला पाठीवर घामाचा नकाशा झाला होता, कोणी सांगायचं भेळ शिळी होती. आणि भांडणं. हे गाणं आधी की ते, पोरं चुकली की मुद्दाम थांबली, आवाज मागं चांगला येतो की पुढं. एकाच जलशाला गेलेली माणसं इतकं वेगवेगळं ऐकून येतात, की खाला म्हणायची, "तुमी सगळे एकाच गावाला गेल्ते ना?"

शकील गेल्यावर तिचे प्रश्न बदलले. गाणं तिला नको झालं. बोळे गुडघ्यावर ठेवून ती विचारायची, "तुझ्या उजव्या हाताला कोण होतं? डाव्या हाताला? म्होरं? त्याची मान कशी होती?" आम्ही आठवून आठवून सांगायचो. मला तर पुढं पुढं गाणं ऐकूच येईना, मी आपली शेजाऱ्यांच्या माना बघत उभी.

केदारखेड्याच्या जलशानंतरची गोष्ट. वावरात उभे होतो, सोयाबीनचे खुंट चपलेतून टोचत होते. सकाळी खालाकडं जमलो. मी माझं सांगितलं, एका बाजूला मिशीवाला मास्तर, एका बाजूला बाळू. खालाचा चेहरा पडला. मग तिनं बाळूकडं पाहिलं आणि बाळू खाली बघत म्हणाला, "माझ्या बाजूला एक पोरगा होता, खाला. तोंड न्हाई दिसलं. मनगटाला पिवळा रुमाल बांधेल होता."

खालाचा हात कापसात तसाच राहिला. "पिवळा? त्याच्याकडं पिवळा रुमाल कवाच न्हवता." एवढंच म्हणाली आणि आम्हाला चहा दिला.

चौकात आल्यावर मी बाळूला धरलं. कुठला पिवळा रुमाल रे? तुझ्या पलीकडं तर खांब होता. बाळू रडायला लागला. मिलमध्ये तापलेल्या सळया चिमट्यानं ओढणारा माणूस, चहाच्या टपरीवर सगळ्यांसमोर रडला. "तिचं तोंड पाह्यवंना, मधू. दर टायमाला न्हाई न्हाई म्हणून किती सांगायचं? येक पोरगा म्हणलो, मंग रुमाल आपोआप आला तोंडात." मी त्याला चांगलं फैलावर घेतलं. पण हे आमच्या दोघांतच ठेवायचं ठरलं. आम्ही कोणालाही बोललो नाही, आईलासुद्धा नाही.

पुढचा जलसा तीर्थपुरीला झाला. तिथं माझ्या पुढं कोमल नावाची तिथलीच एक पोरगी नाचत होती. तिचा धक्का मला लागला, माझा तिला, आणि ओळख झाली. दुसऱ्या दिवशी तिला जालन्याला कॉलेजात काम होतं. मी म्हटलं, आमच्याकडं एक खाला आहे, जलशाची हकीकत ऐकते, चहा पाजते, ये. पाय मात्र धुऊ नको. शकीलचं मी तिला एका अक्षरानंही सांगितलं नव्हतं. उगाच कशाला पोरीच्या डोक्याला ताप.

कोमल एसटीतून उतरून थेट आली. सँडलच्या पट्ट्यांमध्ये बाजारतळाची पांढरी माती. तिला जलशानं झपाटलं होतं, दम न घेता बोलत होती. ड्रमचा ठोका पोटात कसा लागला, गाणारा पोरगा लोकांत उतरला तेव्हा तिचा आवाजच कसा फुटेना, सगळं. खालानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "डाव्या हाताला कोण होतं, बेटा?"

"माझी मैत्रीण."

"आन् उजव्या?"

"एक पोरगा होता. सगळे उड्या मारू राह्यले आन् हा आपला शांत उभा. मी म्हणलं, भाऊ, टाळ्या तरी वाजवा. तर त्यानं हात वर करून दाखवला. मनगटाला पिवळा रुमाल होता, घट्ट बांधेल. म्हणजे हात दुखत असंल, म्हणून सोडून दिलं मी."

बाळू पांढराफटक पडला. माझ्या हातातला कप मी खाली ठेवला. बाहेर गल्लीत ऊन पडलं होतं, भाजीवाला ओरडत होता, आणि मला त्या घरातून उठून पळावंसं वाटत होतं. खाला मात्र शांत. तिनं कोमलला बिस्किटं दिली, अभ्यास कर म्हणाली आणि दारापर्यंत सोडून आली.

ती आत आली तेव्हा बाळू तिच्या पायांशी बसला होता. "खाला, ते मी खोटं बोललो व्हतो. केदारखेड्याला माझ्या बाजूला कोनीच न्हवतं. रुमाल मी मनानं सांगितला."

"मला मालूम हाय," खाला म्हणाली. "तवा तू पाय धुऊन आल्तास."

"गावात घर हाये तुझं. आईनं पाय धुवायला लावले असतील. दारात आलास तवाच पाह्यलं मी. म्हणलं, ह्यो आज मनाचं सांगणार." मग तिनं बाळूच्या डोक्यावर हात ठेवला. "तू खोटं बोललास, पण त्यानं ऐकलं असंल ना रे. आन् मी वळखावं म्हणून बांधला असंल रुमाल."

त्या रात्री मी आईच्या खोलीत झोपले.

त्यानंतर सांगणारे वाढले. आम्ही कोणाला बोलावत नव्हतो, पण भट्टीच्या पोरांमध्ये खालाच्या चहाची बातमी पसरली होती. कोणी अंबडचा, कोणी भोकरदनचा, बिनधुतल्या पायांनी यायचे, आणि दर वेळी कोणा एकाच्या तरी बाजूला तो असायचा. टाळ्या न वाजवणारा. मान थोडी वाकडी. शेवटचं गाणं सुरू झालं की दिसेनासा होणारा. मी माझ्या परीनं अर्थ लावत होते. म्हणत होते, पोरं एकमेकांत बोलतात, हिचे प्रश्नच तसे असतात, पिवळे रुमाल काय बाजारात ढीगभर मिळतात. दिवसा हे सगळं पटायचं.

खालाचं खाणं कमी झालं. हनीफचाचांनी येऊन पुन्हा विषय काढला, तेव्हा ती प्रथमच त्यांच्यावर ओरडली नाही. नुसतं म्हणाली, "शेवटच्या गाण्याला तो कुठं जातो, ते पाहू द्या मला."

भट्टीचा जलसा पुन्हा एमआयडीसीतल्या त्याच मैदानावर लागला. खाला म्हणाली, मी येणार. आम्ही तिला टेम्पोनं नेलं. तिनं ईदेचा सलवार-कमीज घातला होता, कानांत नवे बोळे. सूर्य मिलच्या चिमण्यांमागं गेला होता आणि आभाळ तांबडं. पोरं तिला बघून बाजूला सरकत होती, आजी या, खाला या करत. शकील उभा होता ती जागा आम्ही दाखवली. तिनं मला डाव्या हाताला उभं केलं, बाळूला उजव्या हाताला, पण लांब. मध्ये एका माणसाची जागा सोडायला लावली.

"ही जागा ऱ्हाऊ दे," म्हणाली.

मी मनात म्हटलं, जलशात जागा राहते होय? मुंगी शिरायला वाव नसतो. पण ती राहिली. मागून लोंढा यायचा, पोरं नाचत नाचत तिथपर्यंत यायची, आणि कोणीतरी उभं आहे असं वाटून बाजूला व्हायची. एक जण तर "सॉरी भाऊ" म्हणाला. कोणाला म्हणाला, हे मी बघितलं नाही, मी समोर स्टेजकडंच बघत राहिले. माझी मान वळेना.

शेवटचं गाणं सुरू झालं तशी खालानं कानांतले बोळे काढले. पिंजणवाल्याची जाडी तार वाजली आणि जमीन पायाखालून घुमली. खालाचे ओठ हलत होते. तिनं उजवा हात अंगापासून जरा लांब धरला होता, बाजाराच्या गर्दीत आपण लेकराचं बोट धरून चालतो तसा. या वेळी लाइट गेली नाही. गाणं संपलं, लोक पांगले, पण तिनं हात खाली घेतला नाही. तशीच वळली आणि म्हणाली, "चला, घरी."

टेम्पोत ती एका कडेला अंग चोरून बसली. वाटेत एक बाई चढली, तिनं विचारलं, "इथं कोणी बसलंय का हो?"

"हो," खाला म्हणाली. बाई एकवार तिथं बघून मुकाट उभी राहिली.

सकाळी आम्ही नेहमीसारखे जमलो. माझे पाय तसेच, बाळूचे तसेच. खाला मागच्या दारी बसली होती, तिच्या पायांवर मैदानाची काळी माती, मिलच्या लोखंडी भुशाची चमक मिसळलेली. तिचे बोळे गुडघ्यावर नव्हते, कानांतही नव्हते. मी म्हटलं, "आज तू सांग, खाला. आम्ही ऐकतो."

बाळूचं तोंड पार उतरलं होतं. त्या जागेच्या पलीकडं तोच उभा होता. "खाला," तो म्हणाला, "माझ्या डाव्या हाताला..."

"नको सांगू, बेटा," ती म्हणाली. "या टायमाला मी व्हते तिथं."

मग ती परड्याच्या भिंतीकडं वळली आणि मागच्या घराला आवाज दिला. तिचा आवाज साधा होता, किराणा सांगावा तसा. "हनीफभाई, कल फातेहा रखो. और गद्दी खोलने को लेती मैं, शकील की."

पलीकडून चाचांनी नाक ओढल्याचा आवाज आला.

मला बघायला पाहुणे येणार म्हणून मला लवकर घरी बोलावलं होतं, आई भिंतीवरून हाका मारत होती. पुढं माझं लग्न झालं, मी परभणीला गेले, आणि त्याच थंडीत खाला झोपेत गेली. निरोप आला तेव्हा मी पोचू शकले नाही. बाळूला मी कधी विचारलं नाही की त्या दिवशी तो काय सांगणार होता. तोही आता जलशाला जात नाही.

म्हणून मला ती दिसते ती त्या सकाळची. मी दारातून वळून पाहिलं, तर खाला न्हाणीच्या दगडावर उभी होती आणि तांब्यानं पाय धूत होती. जलशाहून आलेलं कोणी हकीकत न सांगताच पाय धुताना मी पहिल्यांदाच पाहत होते. तिनं आपले दोन्ही पाय धुतले, घोट्यापासून बोटांपर्यंत. मग तांब्या पुन्हा भरला, जराशी वाकली, आणि दगडावर शेजारच्या मोकळ्या जागेत सावकाश पाणी ओतायला लागली, थोडं इकडं, थोडं तिकडं, दुसऱ्याच्या पायांवर ओतावं तसं. तिच्या पायांवरून आलेलं पाणी काळं होतं. मोरीशी दोन्ही ओघळ वेगवेगळे येत होते, आणि दुसराही काळा होता.